रस्त्याची थरथर, हाताची थरथर

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोवर आमच्या संस्थेसमोरच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागतात. आधी गाणं येतं. मग दोन ट्रेलरची धडधड येते आणि मग कुठं तो उसाचा डोंगर वळणावर दिसतो. मार्च सरेपर्यंत रस्त्यावर चिपाडं आणि हवेत मळीचा आंबूस वास. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हा आवाज ऐकून बरं वाटतं. गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बाजार हलला, लग्नं ठरली, गुऱ्हाळं पेटली.

मला मात्र तो नकोसा वाटतो. गेल्या सोमवारी यंदाचा पहिला ट्रॅक्टर गेला तेव्हा मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावत बसले होते. खिडकीची काच किणकिणली आणि माझा डावा तळवा आपोआप टेबलावर पालथा पडला. टेबल हलतंय, की मी? त्या हंगामाला आता सात वर्षं झाली. या प्रश्नाचं उत्तर मला केव्हाच मिळालेलं आहे. तरी तळवा जातोच.

तेव्हा मी मेंदूचे काप करायचे. तेच माझं काम होतं, नोकरीच त्याची होती. माहेरी कोडोलीला लग्नाच्या पंगतीत कुणी विचारायचं, "नंदा, कोल्हापुरात कशात हाईस गं?" मी खरं सांगितलं की शेजारणीचा घास तोंडापाशीच थांबायचा. मग मी "लॅबमधी हाय" एवढंच सांगायला लागले.

उंदराच्या मेंदूचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा औषधात मुरवून, रेझिनमध्ये घट्ट करून त्याचा छोटा ठोकळा बनवलेला असतो. तो कापायला काचेची सुरी लागते. जाड काचेची पट्टी तिरकी मोडली की जी ताजी धार मिळते, तीच सुरी. आणि तीही थोड्याच वेळात बोथट होते. धारेला चिकटून पाण्याचं इवलंसं पन्हाळं बसवायचं आणि ते गळू नये म्हणून कडेला नेलपॉलिश लावायचं. कापायचं काम यंत्र करतं. ठोकळा वरखाली होतो आणि प्रत्येक खेपेला एक काप सुटून पाण्यावर तरंगतो. एकाला एक चिकटून त्यांची फीत होते. काप किती पातळ आहे ते पाण्यावरच्या रंगावरून कळतं. जांभळा जाड, सोनेरी बरा, चंदेरी हवा तसा. एका केसाच्या जाडीत असे हजारभर चंदेरी काप बसतील.

यंत्र कापतं खरं, पण सुरी ठोकळ्याजवळ नेऊन भिडवायची ती हातानं. पाण्यावरचे काप हलवायचे ते काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं. माझ्या काडीवरचा केस माझ्याच पापणीचा होता. मग टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर ती फीत अलगद उचलून घ्यायची. त्या वेळी मी श्वास धरायचे. खोलीत कुणी शिंकलं तरी सकाळ वाया जायची.

हे सगळं कशासाठी, तर दोन चेतापेशींमधली फट बघण्यासाठी. मराठी पुस्तकात तिला कुणी संपर्कस्थान म्हणतं, कुणी चेतासंधी. आम्ही सिनॅप्स म्हणायचो. नोकरीला लागले तेव्हा माझी समजूत होती की मेंदूत विजेसारख्या तारा असतील, एकीला एक जोडलेल्या. आमच्या सरांनी पहिल्यांदा पडद्यावर दाखवलं तेव्हा मी शोधतच राहिले की जोड कुठं आहे. एका पेशीचं फुगीर टोक दुसरीच्या अगदी जवळ येऊन थांबलं होतं. टोकात बारीक गोल बुडबुड्यांची दाटी. काही मागं, काही थेट कडेला येऊन टेकलेले. समोरच्या पेशीच्या काठावर जाड काळी रेघ, काजळाचं बोट फिरवल्यासारखी. आणि मध्ये एक बारीक फट.

"निरोप आला की हे बुडबुडे कडेला फुटतात," सर म्हणाले होते. "आतलं रसायन फट ओलांडतं, समोरच्या रेघेला लागतं. तुम्ही हात उचलता, आईला ओळखता, घाबरता, ते सगळं असंच."

बारा वर्षं मी त्या फटी बघितल्या. सुरुवातीला नवल वाटायचं, पुढं सवय झाली. मग आण्णांना कंपवात झाला आणि त्या फटीकडं बघण्याची माझी नजरच बदलली.

आण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर गुऱ्हाळात गुळव्या होते. कढईतला रस आटत आला की त्यातला थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायची आणि कढई उतरायची वेळ झाली का ते सांगायचं, हे गुळव्याचं काम. एक क्षण लवकर उतरली तर गूळ चिकट राहतो, उशीर झाला तर करपतो. आण्णांच्या बोटांवर आजूबाजूच्या चार गावांचा विश्वास होता. तीच बोटं आता मांडीवर ठेवली की आपोआप हलायची. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, न दिसणारी गोळी वळत असल्यासारखी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूतल्या एका भागातल्या पेशी मरतायत, त्यांचं रसायन कमी पडतंय. बाकीच्यांना ते नुसतं ऐकायला मिळालं. मला ते दिसायचं. दिवसभर पडद्यावर बुडबुड्यांनी गच्च भरलेली टोकं बघायची आणि मनात यायचं, आण्णांच्या डोक्यात या घडीला किती टोकं रिकामी असतील.

त्या वर्षी दिवाळीनंतर रेहाना माझ्याकडं तिचे ठोकळे घेऊन आली. रेहाना आमच्या संस्थेत पीएचडी करत होती. गारगोटीची, तिच्या वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान. म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत, आठवणींशी ज्याचा संबंध आहे त्या भागातले सिनॅप्स कमी होतात का, आणि उरलेल्यांत बुडबुडे किती असतात, हे तिला मोजायचं होतं. दोन वर्षं तिनं ते उंदीर पाळले होते. हाताशी अकरा ठोकळे होते आणि मार्चअखेर प्रबंधाची मुदत.

"ताई, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालीन," ती म्हणाली. "फक्त चंदेरी काप द्या."

पहिले दोन ठोकळे छान गेले. तिसऱ्याच्या वेळी मी फीत उचलायला जाळी पाण्यात घातली आणि फीत मधोमध तुटली. परत घातली, परत तुटली. जाळीची कड पाण्यात अगदी हलकी थरथरत होती. नेमका तेव्हाच बाहेरून ट्रॅक्टर जात होता.

"काय झालं वं?" रेहानानं विचारलं.

"ट्रॅक्टर गेला," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. ट्रॅक्टर गेला होताच. पण तो गेल्यावर मी हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं बघितली. टोकं हलत होती. फार नाही. वाऱ्यावर दिव्याची ज्योत हलावी इतकीच.

त्या दिवसापासून मी चोर झाले. हजेरीपटावर सही करताना आजूबाजूला कुणी नाही ना ते बघायचे. चहा बशीत ओतायचं सोडलं. कप दोन्ही हातांनी धरायचा, थंडी वाजतेय असं दाखवायचं. सकाळी सगळे उठायच्या आत स्वयंपाकघरात चमचाभर पाणी घेऊन तो समोर धरायचा आणि वीसपर्यंत मोजायचं. एखाद्या दिवशी थेंबही सांडायचा नाही. मग मी देवापुढं हात जोडायचे, आणि जोडलेल्या हातांकडंच बघत राहायचे. हातातल्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर वाजतात असं वाटायला लागलं. एका मंगळवारी मी त्या काढून ठेवल्या. नवऱ्यानं विचारलं, तर लॅबमध्ये अडकतात म्हणून सांगितलं.

आण्णांचंही सुरुवातीला एवढंच होतं, हे मला आठवत होतं. एका बोटापासून सुरू झालेलं. दर रविवारी मी कोडोलीला जायचे, त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायचे आणि मनात हिशेब करायचे. त्यांना साठाव्या वर्षी लागलं. मी बेचाळीसची. मला लवकर लागलं तर लेक कितवीत असेल?

लॅबमध्ये माझं खोटं वाढत चाललं होतं. फीत तुटली की ट्रॅक्टर. काप दुमडला की ट्रॅक्टर. रेहानानं ते मनावर घेतलं. ती सरांकडं गेली, आणि सरांनी दोन माणसं लावून माझ्या यंत्राचं टेबल हलवलं. जाड शहाबादी फरशी आणली, तिच्याखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा घातल्या, वर यंत्र ठेवलं. फरशीवर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवून आम्ही सगळे गोल उभे राहिलो. बाहेरून दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर धडधडत गेला. ग्लासातलं पाणी हललं नाही. सरांनी टाळी वाजवली. रेहानानं माझ्या गळ्यात हात टाकले.

"आता येऊ देत किती ट्रॅक्टर यायचेत ते!" ती म्हणाली.

मी हसले. रस्ता आता गप्प झाला होता. आता हललं ते फक्त माझंच असणार होतं.

दुसऱ्या दिवशी सातवा ठोकळा घेतला. आधीच्या चारांतून धड अशी एकच फीत निघाली होती. रेहाना शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर बसली होती. मी यंत्रावरच्या दुर्बिणीतून बघत सुरी पुढं सरकवत होते. ठोकळ्याच्या तोंडावर सुरीचं प्रतिबिंब चमकत्या रेघेसारखं दिसतं, आणि जवळ येईल तशी ती रेघ बारीक होत जाते. ती दोऱ्याएवढी झाली. मी चक्राचा दांडा आणखी जरासा फिरवला, आणि बोटांनी मला विचारलं नाही. सुरी ठोकळ्यात घुसली. टचकन आवाज आला. नीट तासून ठेवलेलं, रेहानाला हवं होतं तेच टोक मोडून पाण्यात पडलं.

खिडकीबाहेर रस्ता मोकळा होता. कुठं गाणं नव्हतं, धडधड नव्हती. मी हात मांडीवर ठेवून बसले. रेहाना आली, दुर्बिणीत वाकून बघितलं आणि सवयीनं म्हणाली, "ट्रॅक्टर?"

"नाही," मी म्हणाले. "माझा हात. दिवाळी झाल्यापासून थरथरतोय. आधीचेही माझ्यामुळंच गेले."

तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

"दोन वर्षं, ताई," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षं त्या उंदरांना माझ्या हातानं खायला घातलंय मी. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर काय झालं असतं?"

ती निघून गेली. मी मोडका तुकडा चिमट्यानं उचलून डबीत ठेवला, डबीवर नंबर घातला, ओटा पुसला, मग परत पुसला. नोकरी गेली असं मी मनाशी धरूनच चालले होते. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही एका गोष्टीची धास्ती होती. आता बोलून टाकलं होतं. आता दवाखान्यात जावं लागणार होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर रेहाना परत आली. डोळे सुजलेले होते. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"चार ठोकळे राहिलेत," ती म्हणाली. "उद्या आपण दोघी डॉक्टरकडं जायचं. आणि परवापासनं मला शिकवायचं. अब्बांच्या दुकानात काज-बटणं मीच करत हुते, माझा हात काय वाईट न्हाई."

मेंदूच्या डॉक्टर वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी मला कागदावर गोगलगाईसारखं गोल गोल वेटोळं काढायला सांगितलं. रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटली; ती बघून मलाच रडू आलं. मग एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, चालायला लावलं, बोटं चटचट आपटायला लावली. शेवटी म्हणाल्या, "आता हात मांडीवर ठेवा. नुसते सोडून द्या."

मी सोडले. आम्ही तिघी त्या हातांकडं बघत राहिलो. ते गप्प पडून होते.

"वडिलांचे असे ठेवल्यावर थांबतात?"

"नाही. तेव्हाच जास्त हलतात."

"तुमचे काम करताना हलतात आणि ठेवले की थांबतात. बाकी तपासण्या करूच, पण हा वडिलांचा आजार दिसत नाही मला. हा वेगळा कंप आहे."

बाकी तपासण्याही तेच म्हणाल्या. डॉक्टरांनी एक छोटी गोळी दिली. वाढेल का, असं मी विचारलं. हळूहळू वाढेल कदाचित, म्हणाल्या. नेमकं कुठं बिघडतं, असंही विचारलं. बारा वर्षं मेंदू कापलेल्या बाईला ते विचारायचा हक्क आहे असं मला वाटलं होतं. त्या हसल्या. "ते अजून आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण घराण्यात असतो बऱ्याचदा."

"म्हणजे मुलांना येतो?"

"येऊ शकतो. येईलच असं नाही."

रेहाना बाहेर येऊन आनंदानं फोन लावत होती. मी मात्र त्या शेवटच्या वाक्यापाशीच उभी होते. एक भीती दवाखान्यात ठेवून आले होते आणि दुसरी तिथूनच उचलून आणली होती.

त्या रविवारी कोडोलीला गेले. आण्णा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते, बोटं चाललेलीच. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. लपवलं ते, मोडलं ते, डॉक्टर काय म्हणाल्या ते. ते माझ्याकडं बघत नव्हते. या आजारात चेहरा ताठ होतो. राग आहे की दुःख, काही कळत नाही.

"मला कवाच दिसलंय," ते म्हणाले. "दिवाळीत तू पणत्यात त्याल घालत हुतीस."

"मग विचारलं का नाही आण्णा?"

"माझ्यातनंच आलंय असं वाटलं. इचारलं असतं तर खरं झालं असतं."

म्हणजे दिवाळीपासून आम्ही दोघं, दर रविवारी, एकमेकांसमोर बसून तीच एक गोष्ट गिळत होतो. मी त्यांची बटणं लावायची आणि त्यांनी माझी बोटं बघायची. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "तुमचं नाही हे. तुमचा हात बसल्यावर हलतो, माझा काम करताना हलतो. वेगळं आहे."

"म्हंजे आपल्या दोघांत मिळून एक धड माणूस हाय की," ते म्हणाले. चेहरा हसला नाही, आवाज हसला.

सरांनी मला बोलावून घेतलं आणि थोडं रागावले. नंतर म्हणाले, कापायचं सोडा, सूक्ष्मदर्शक सांभाळा, आणि हात दिला नाही तरी डोळे द्या. फेब्रुवारीभर मी रेहानाच्या मागं उभी राहिले. काच कशी मोडायची, धारेचा कुठला भाग घ्यायचा, सुरीची रेघ दोऱ्याएवढी झाली की कसं थांबायचं. ती शिकत होती आणि माझी बोटं पदरात एकमेकांना घट्ट धरून बसायची. पहिले काप जांभळे निघाले. मग सोनेरी. एका दुपारी पाण्यावर सात कापांची चंदेरी फीत तरंगली आणि रेहाना श्वास घ्यायचंच विसरली. तिनं जाळी खाली नेली, वर आणली. फीत अखंड आली.

पडद्यावर तो सिनॅप्स दिसला तेव्हा आम्ही दोघीच होतो. म्हाताऱ्या उंदराचा होता. टोकातले बुडबुडे विरळ होते, पण होते. चारपाच कडेला टेकून उभे होते. काळी रेघ समोर स्पष्ट होती. मी पडद्यावर बोट ठेवून तिला एकेक दाखवत गेले. बोट थरथरत होतं. मी ते मागं घेतलं नाही. रेहाना मोजत होती.

तिचा प्रबंध मुदतीत गेला. ती आता दुसऱ्या गावात शिकवते. आण्णा त्यानंतर तीन वर्षं होते. गेले तेव्हा त्यांची बोटं थांबलेली होती, आणि ती थांबलेली बघायचं बळ माझ्यात नव्हतं. माझी गोळी दोनदा वाढली. सही आता लहान मुलाच्या अक्षरासारखी येते. बँकेतला माणूस दरवेळी दोनदा बघतो, मग मीच सांगून टाकते.

परवाची गोष्ट. माझी लेक ऋतुजा यंदा बारावीला आहे. संध्याकाळी ती जीवशास्त्राच्या वहीत आकृती काढत होती. योगायोग म्हणा, दोन चेतापेशींचीच. पेन्सिलीनं बुडबुडे काढत होती, छोटे छोटे, दाटीवाटीनं. मी भाकरी थापायची सोडून दारात उभी होते. आकृतीकडं माझं लक्ष नव्हतं. मी तिच्या बोटांकडं बघत होते. गोल नीट मिटतोय का? रेघ कापरी येतेय का? असं बघणं मला नवं नाही. ती सुईत दोरा ओवते तेव्हा मी बघते, रांगोळी घालते तेव्हा बघते, फोनवर बोट फिरवते तेव्हाही बघते.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मागं वळली नाही.

"आई, किती दिवस अशी चोरून बघणार हाईस? विचारायचं असेल तर विचार की."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मी तशीच उभी राहिले. नको विचारायला, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. मग मी जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुझा हात कधी थरथरतो का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "थरथरला तर पहिलं तुलाच सांगीन."